कोडिंग येत नाही, पण स्वतःच्या नावाची साइट हवीये: ब्लॉग कुठे सुरू करायचा

भाऊबीजेला मामा आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्या पिशवीत ओवाळणीच्या पाकिटाबरोबर तीन जाड वह्या होत्या. एसटीत वाहक म्हणून ३२ वर्षं काढली त्यांनी, गगनबावडा, करूळ घाट, दाजीपूरवरून फोंडा, आणि रिटायर झाल्यावर जे जे आठवेल ते लिहून काढलंय, मुक्कामी गाडीच्या रात्री, बाजाराच्या दिवशीची गर्दी, दरड कोसळून गाडी अडकली की प्रवाशांनी मिळून केलेला चहा, सगळं. म्हणाले, "हे इंटरनेटवर टाकायचंय पोरी, माझ्या नावाचं पान पायजे. फेसबुकवर नको, तिथं काल टाकलेलं आज घावत नाही."

मी सॉफ्टवेअरवाली नाही, साखर कारखान्याच्या अकाउंट्स खात्यात आहे, कोडिंगचा एक शब्द येत नाही. पण २०११ पासून साताऱ्याकडच्या रानभाज्यांवर लिहितेय, कुर्डू, पाथरी, चिघळ, भारंगी, आणि एवढ्या वर्षांत दोन वेळा सगळं बिऱ्हाड एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हलवलंय, त्यामुळे मामांसाठी बसले तेव्हा काय बघायचं ते बऱ्यापैकी पाठ होतं. ते इथे लिहून ठेवतेय कारण असे मामा बऱ्याच घरांत आहेत, आणि शोधायला गेलं की दहा-दहा प्लॅटफॉर्मच्या, म्हणजे ब्लॉग बनवून देणाऱ्या ठिकाणांच्या, याद्या मिळतात ज्यात मराठीत लिहिणाऱ्याला कुठे अडतं याबद्दल काहीच नसतं.

आधी दोन प्रश्न, बाकी सगळं नंतर

थीम म्हणजे साइटचं तयार रंगरूप किती छान, फुकट आहे का, पैसे मिळतील का हे सगळं नंतर बघा. आधी विचारा, पत्ता कोणाच्या नावावर आहे? आणि उद्या इथून निघायचं ठरवलं तर माझं लिखाण फाइलमध्ये भरून घेऊन जाता येतं का? या दोन प्रश्नांची उत्तरं चांगली असतील तर प्लॅटफॉर्म चुकला तरी फारसं बिघडत नाही, आणि वाईट असतील तर कितीही चांगला प्लॅटफॉर्म एक दिवस रडवतो.

मी हे स्वतः भोगलंय. माझी दुसरी साइट एका होस्टिंग कंपनीकडे, म्हणजे साइट ठेवायला भाड्याने जागा देणाऱ्या कंपनीकडे होती, नाव सांगत नाही, रिन्यूअलच्या मेल माझ्या जुन्या ईमेलवर जात राहिल्या जो मी उघडतच नव्हते, कार्डाची मुदत संपलेली, पैसे कटले नाहीत आणि काही आठवड्यांनी सर्व्हरवरून सगळं पुसलं गेलं. ६४ लेख होते, बॅकअप नव्हता. वेबवरच्या जुन्या पानांच्या प्रती ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवरून वीसेक लेख परत मिळाले, तेही फोटोंशिवाय. भारंगीच्या फुलांचे जे फोटो मी आजीबरोबर डोंगरात जाऊन काढले होते ते गेलेच, आजीही आता नाही.

आणि हे फक्त लहान कंपन्यांचं असतं असं समजू नका. फुकट साइट-ब्लॉग देणारी मोठी नावं बघा, जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, मायक्रोसॉफ्टचं लाइव्ह स्पेसेस २०११ मध्ये, पोस्टरस २०१३ मध्ये. टाइपपॅड म्हणून एक होतं, २००३ पासून चालू असलेलं, पैसे घेऊन ब्लॉग देणारं, ते ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झालं आणि लोकांना निरोप मिळाला तो ऑगस्टमध्ये. म्हणजे २०-२२ वर्षं जिथे लिहिलं तिथून सामान हलवायला महिनाभर. ज्यांचं स्वतःचं डोमेन, म्हणजे स्वतः विकत घेतलेला पत्ता होता त्यांनी नवीन जागी लेख चढवले आणि पत्ता तिकडे वळवला. ज्यांचा पत्ता टाइपपॅडच्या नावाचा होता त्यांच्या सगळ्या जुन्या लिंक मेल्या.

आपल्याकडचं उदाहरण तर आणखी जवळचं आहे. ब्लॉगर हे गुगलचं फुकट ब्लॉग देणारं ठिकाण, त्याचे फुकटचे पत्ते ब्लॉगस्पॉट या नावाचे असतात. मध्ये काही वर्षं भारतातून तिथला ब्लॉग उघडला की पत्त्याच्या शेवटी ब्लॉगस्पॉट डॉट इन दिसायचं, लोक तोच पत्ता कॉपी करून सगळीकडे द्यायचे, व्हिजिटिंग कार्डावरसुद्धा छापायचे. २०२० मध्ये ते डॉट इन डोमेन गुगलच्या हातून गेलं. ब्लॉगस्पॉट डॉट कॉमवर ब्लॉग जसेच्या तसे होते, पण डॉट इनवाल्या लिंकवर टिचकी मारली की काहीच उघडायचं नाही आणि वाचणाऱ्याला वाटायचं ब्लॉगच बंद झाला.

म्हणून माझं म्हणणं असं की प्लॅटफॉर्म फुकटचा घ्या हवं तर, पण डोमेन विकत घ्या. वर्षाला साधारण हजार-बाराशे रुपये.

आता प्लॅटफॉर्म

मामांची गरज काय होती ते आधी सांगते, कारण त्यावरच सगळं ठरतं. फक्त लिहायचंय, फोनवरून लिहायचंय, महिन्यातून दोन-तीन लेख, अधूनमधून जुना फोटो, काही विकायचं नाही, कोणाला अपॉइंटमेंट द्यायची नाही. अशा माणसाला मी अजूनही ब्लॉगरच सांगते. १९९९ पासून चालू आहे, २००३ मध्ये गुगलने घेतलं, एक पैसा लागत नाही, तुम्ही स्वतः लावल्याशिवाय जाहिराती येत नाहीत, स्क्रीनवरची बटणं मराठीत करता येतात, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे स्वतःचं डोमेन फुकटात जोडता येतं, हे फुकटच्या प्लॅनवर देणारे फार थोडे आहेत. कमी काय? थीम जुनाट वाटतात, वर्षानुवर्षं नवीन काही येत नाही, आणि गुगलने रीडर, गुगल प्लस अशी मोठी दुकानं बंद केलेली आपण पाहिलीत तेव्हा उद्या याचंही काही होणार नाही असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण पत्ता तुमचा आणि बॅकअप तुमच्या हातात असेल तर त्या भीतीची धार बरीच कमी होते.

वर्डप्रेसचं जरा समजून घ्यावं लागतं कारण त्या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथेच बहुतेक जण फसतात. मामांना मी असं सांगितलं की वर्डप्रेस डॉट कॉम म्हणजे एसटीने जाणं, गाडी त्यांची, ड्रायव्हर त्यांचा, डिझेल-पासिंग-पंक्चर सगळं त्यांच्याकडे, तुम्ही तिकीट काढून बसायचं. आणि वर्डप्रेस डॉट ऑर्गवरून मिळतं ते म्हणजे स्वतःची जीप. जीप फुकट मिळते बरं का, ते सॉफ्टवेअर २००३ पासून ओपन सोर्स, म्हणजे कोणालाही फुकट वापरता-बदलता येणारं आहे, जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात, पण उभी करायला जागा म्हणजे होस्टिंग तुम्ही भाड्याने घ्यायचं, अपडेट तुम्ही करायचे, प्लगइन म्हणजे वरून जोडलेला एखादा सोयीचा भाग बिघडला की रात्री अकराला तुम्हीच बॉनेट उघडून बसायचं. मामा लगेच म्हणाले, "मग आपली एसटीच बरी." कोडिंग न येणाऱ्या, एकट्याने लिहिणाऱ्या माणसाला माझंही तेच मत आहे. कोणीतरी सांगतं "एका क्लिकमध्ये इन्स्टॉल होतं", होतं खरंच, प्रश्न इन्स्टॉलचा नसतो, दोन वर्षांनंतरच्या त्या दिवसाचा असतो जेव्हा साइट उघडल्यावर पांढरं पान दिसतं.

वर्डप्रेस डॉट कॉमच्या फुकट प्लॅनवर त्यांच्या जाहिराती दिसतात, जागा १ जीबी, प्लगइन टाकता येत नाहीत आणि स्वतःचा पत्ता हवा असेल तर पैसे भरावेच लागतात. फोनमधून काढलेला एक फोटो ४ एमबीचा धरला तर १ जीबीत अडीचशे फोटो, संपले. अपलोड करण्याआधी फोटो १६०० पिक्सेल रुंदीचा करून घेतला तर तो अर्ध्या एमबीच्याही आत येतो आणि तेवढ्याच जागेत कितीतरी पट जास्त मावतात, शिवाय गावाकडच्या नेटवर पानही पटकन उघडतं. ही सवय कुठल्याही प्लॅटफॉर्मवर लावून घ्या. लिहिण्याचा एडिटर मात्र ब्लॉगरपेक्षा फार चांगला आहे, कविता-ओव्या लिहिणाऱ्यांसाठी वेगळा ब्लॉक आहे ज्यात ओळी जशा लिहिल्या तशाच राहतात, आणि फोनचं ॲप खरंच वापरण्यासारखं आहे.

माझ्या कऱ्हाडच्या मैत्रिणीची गोष्ट वेगळी. ती फिजिओथेरपिस्ट आहे, तिला दवाखान्याची वेळ, नकाशा, फोनचं बटण, आणि त्याबरोबर गुडघेदुखी-कंबरदुखीवर मराठीत लेख असं हवं होतं. तिने एका साइट बनवून देणाऱ्याला १८ हजार रुपये दिले, साइट छान झाली, दोन वर्षांनी तो फोन उचलेना. तेव्हा कळलं की डोमेन त्याच्या ईमेलवर, होस्टिंग त्याच्या खात्यात, हिच्याकडे फक्त लेख टाकायचं लॉगिन. दवाखान्याच्या बोर्डावर रंगवलेला पत्ता आता तिचा नाही. कोणाकडूनही साइट करून घ्या, चांगली मुलं आहेत या धंद्यात, पण तीन लॉगिन पहिल्या दिवशी मागून घ्या, डोमेनचं, होस्टिंगचं आणि साइटच्या ॲडमिनचं, आणि तिन्ही तुमच्या ईमेलवर हवीत. पैसे देण्याआधी हे बोला, नंतर बोलायला अवघड जातं.

तिच्यासारख्यांना विक्स, स्क्वेअरस्पेस असे ओढून-टाकून पान बनवायचे बिल्डर मोह घालतात, आणि दिसायला ते देखणे असतातच. पण विक्सवर बांधलेली साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर चालवता येत नाही, ती तिथेच राहते, लेख फार तर मागच्या दाराने थोडे काढता येतात. स्क्वेअरस्पेस ब्लॉगचे लेख बऱ्यापैकी बाहेर काढून देतं पण कायमचा फुकट प्लॅन नाही. दुकानासाठी चार पानं हवी असतील तर ठीक आहे, आयुष्यभराचं लिखाण मी तिथे ठेवणार नाही. मैत्रिणीने शेवटी वर्डप्रेस डॉट कॉमचा पैसेवाला प्लॅन घेतला, नवीन डोमेन स्वतःच्या नावावर, आणि बोर्ड परत रंगवला.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. मीडियमवर लिहायला छान वाटतं पण वाचणाऱ्याला मध्येच लॉगिन करा म्हणून अडवतात, घरातल्या काकूंना लिंक पाठवली तर त्या तिथेच थांबतात. सबस्टॅक हे मुळात ईमेलने लेख पाठवायचं साधन आहे, फुकट आहे, वाचकांची ईमेल यादी तुम्हाला उतरवून घेता येते ही त्याची फार मोठी जमेची बाजू, पण आपल्याकडचा वाचक ईमेलपेक्षा व्हॉट्सॲपवर जास्त असतो, आणि वर्गणी लावायचा विचार असेल तर पैसे स्ट्राइप या ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या कंपनीमार्फत येतात, भारतातून स्ट्राइपचं नवीन खातं सहज मिळत नाही. तुमचे वाचक अमेरिकेत, इंग्लंडमध्ये असलेले मराठी लोक असतील तर मात्र सबस्टॅकचा जरूर विचार करा, ते ईमेल वाचतात. घोस्ट हा ब्लॉगचा आणखी एक प्लॅटफॉर्म मला मनापासून आवडतो, पण त्यांच्या होस्टिंगवर पहिल्या महिन्यापासून डॉलरमध्ये पैसे आहेत. गुगल साइट्समध्ये चार पानं उत्तम होतात, तारखेनुसार लेख लावणारा ब्लॉग होत नाही.

मराठीसाठी काय तपासायचं

इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण याबद्दल कोणी लिहीत नाही.

पहिलं, लिंक. तुम्ही शीर्षक मराठीत लिहिता, प्लॅटफॉर्म त्यावरून लिंक बनवतो. ब्लॉगर देवनागरी अक्षरं लिंकमध्ये घेतच नाही, "ब्लॉग-पोस्ट" असं रोमनमध्ये लिहून पुढे आकडा चिकटवून देतं, म्हणजे वर्षभरानंतर तुमच्या सगळ्या लेखांच्या लिंक सारख्याच दिसतात. वर्डप्रेस देवनागरी घेतं, ब्राउझरमध्ये छान दिसतंही, पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकलं की टक्क्याची चिन्हं आणि आकडे-अक्षरांची चार ओळींची माळ होते, आणि वाचणाऱ्याला वाटतं व्हायरसची लिंक आली. त्यात आणखी एक अडचण, आतल्या हिशोबात प्रत्येक देवनागरी अक्षराची, अगदी प्रत्येक काना-मात्रेचीसुद्धा, नऊ चिन्हं होतात आणि वर्डप्रेस लिंकचं नाव २०० चिन्हांवर कापतं, म्हणजे २२ अक्षर-मात्रांनंतर तुमचं शीर्षक तुटलं. उपाय सोपा आहे, पब्लिश करायच्या आधी पर्मालिंक नावाच्या चौकटीत जाऊन दोन-तीन शब्द रोमन अक्षरांत स्वतः लिहा, "karul-ghat-mukkam" असं, मध्ये आडवी रेघ. आधीच करा, लोकांना लिंक पाठवल्यावर बदललीत तर जुनी लिंक तुटू शकते.

दुसरं, थीम. परदेशी थीममध्ये शीर्षकाच्या अक्षरांत मुद्दाम अंतर सोडलेलं असतं, इंग्रजीला ते शोभतं, आपल्याकडे शिरोरेघच तुटते आणि प्रत्येक अक्षर वेगळं लटकतं. ओळींमधलं अंतर कमी असेल तर वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात. हे डेमोमध्ये कळत नाही कारण डेमो इंग्रजीत असतो. म्हणून थीम निवडताना एकच ओळ तिथे टाकून बघा, "दऱ्याखोऱ्यांतल्या वर्षीच्या मूर्ती, ॲप आणि ऑफिस". यात दऱ्यातला अर्धा र नीट आला, रफार-वेलांटी कापली गेली नाही, ॲ तुटला नाही, तर थीम चालेल. फॉन्ट निवडता येत असेल तर मुक्ता घ्या, मुंबईच्या "एक टाइप" नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेला आहे, फोनवर फार स्वच्छ वाचता येतो, किंवा पुस्तकासारखा हवा असेल तर तिरो देवनागरी मराठी, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात. आणि सेटिंगमध्ये साइटची भाषा मराठी करायला विसरू नका, तारखा आणि महिन्यांची नावं मराठीत येतात.

तिसरं, जुनं टाइप केलेलं लिखाण. डीटीपीवाल्याकडून पूर्वी श्रीलिपी किंवा तसल्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेलं असेल तर ते वेबवर टाकल्यावर चिन्हांचा खिचडा दिसतो. ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना कळणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्यावं लागतं, कन्व्हर्टर मिळतात, पण बदलल्यावर एकदा डोळ्याखालून घाला, रफार आणि ऱ्य हमखास चुकलेले असतात. मामांच्या वह्या हाताने लिहिलेल्या, तेव्हा तो प्रश्न नव्हता, ते जीबोर्ड या गुगलच्या फोन-कीबोर्डच्या मराठी व्हॉइस टायपिंगवर मोठ्याने वाचतात आणि माझी मामेबहीण संध्याकाळी शुद्धलेखन बघते. गावांची नावं तेवढी चुकतात, बाकी आश्चर्य वाटावं इतकं बरोबर येतं.

एका संध्याकाळची परीक्षा

वाचून ठरवू नका, करून ठरवा. जे दोन प्लॅटफॉर्म पटतायत तिथे फुकट खातं उघडा आणि दोन्हीकडे एकच लेख टाका, शंभर-दीडशे शब्दांचा खोटा नाही, तुमचा खरा, पूर्ण, त्यात दोन फोटो, एक चार ओळींची कविता किंवा ओवी, आणि एखादं लांब शीर्षक. ज्या यंत्रावरून पुढे लिहिणार आहात त्याच यंत्रावरून टाका, म्हणजे फोनवरून लिहिणार असाल तर फोनवरूनच, भाच्याच्या लॅपटॉपवर सोपं गेलं याचा काही उपयोग नाही. व्हॉट्सॲपमधून किंवा वर्डमधून मजकूर चिकटवत असाल तर त्याबरोबर अक्षरांचे विचित्र आकार-रंग येतात, फॉरमॅटिंग काढायचं बटण शोधा आणि ते सापडतं का हेही परीक्षेतच धरा.

मग ती लिंक घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवाल्याला पाठवा. फोटोसकट प्रीव्ह्यू दिसला का, किती वेळात उघडलं, अक्षर वाचता आलं का, मध्ये कुठे लॉगिन मागितलं का. मामींच्या फोनवर मामांचा लेख ब्लॉगरवर लगेच उघडला आणि दुसऱ्या ठिकाणच्या फुकट प्लॅनवर मध्ये जाहिरात आली ती नेमकी ओवीच्या दोन ओळींच्या मध्ये, मामांनी तिथेच ठरवलं.

शेवटचा भाग कोणी करत नाही पण तोच महत्त्वाचा, त्याच संध्याकाळी एक्सपोर्ट करून, म्हणजे सगळं लिखाण फाइलमध्ये उतरवून बघा. ब्लॉगरमध्ये सेटिंगमध्ये बॅकअप घ्यायची सोय आहे, त्यातून लेखांची फाइल मिळते, त्या फाइलमध्ये फोटोंच्या फक्त लिंक असतात. वर्डप्रेस डॉट कॉमवर लेखांची फाइल वेगळी आणि फोटोंची वेगळी उतरवावी लागते. म्हणून मूळ फोटो कायम स्वतःकडे एका फोल्डरमध्ये ठेवा, लेखाच्या नावाने. एक्सपोर्टचं बटणच सापडलं नाही तर त्या प्लॅटफॉर्मवर दुसरा लेख लिहू नका.

डोमेन घेताना

नाव छोटं, फोनवर सांगता येईल असं. रोमनमध्ये मराठी शब्द दोन-तीन प्रकारे लिहिले जातात हे लक्षात ठेवा, "वाट" लिहिताना कोणी एक ए टाकतं कोणी दोन, तेव्हा असा शब्द घ्या ज्याचं स्पेलिंग सगळे एकसारखं करतील. मामांनी सरळ स्वतःचं नाव-आडनाव घेतलं. डॉट भारत हे देवनागरीतलं डोमेन २०१४ पासून मराठीतही मिळतं, माझं त्यावर प्रेम आहे, पण काही ठिकाणी ते इंग्रजी अक्षरांच्या अगम्य माळेसारखं दिसतं आणि बरेच ऑनलाइन फॉर्म ते स्वीकारत नाहीत, तेव्हा मुख्य पत्ता डॉट कॉम किंवा डॉट इन ठेवा आणि हौस म्हणून डॉट भारत त्याच्याकडे वळवा.

पहिल्या वर्षाचा भाव बघून घेऊ नका, रिन्यूअलचा भाव बघा, तो खाली बारीक अक्षरांत असतो आणि वर जीएसटी. ईमेल तोच द्या जो तुम्ही रोज उघडता. डोमेन एका वेळी १० वर्षांपर्यंत घेता येतं, परवडत असेल तर तीन-पाच वर्षांचं घेऊन टाका. डोमेनबरोबर होस्टिंग, ईमेल, सुरक्षा असं बरंच काही टोपलीत आपोआप पडलेलं असतं, ब्लॉगर किंवा वर्डप्रेस डॉट कॉम वापरणार असाल तर त्यातलं काहीच लागत नाही, सगळे टिक काढा.

डोमेन ब्लॉगरला जोडताना एक गोंधळ होतो. कस्टम डोमेन टाकून सेव्ह केलं की लाल अक्षरांत एरर येतो, त्याला घाबरून लोक सोडून देतात, पण त्या एररमध्येच दोन ओळी दिलेल्या असतात ज्या डोमेन विकणाऱ्याच्या डीएनएस पानावर (पत्ता कुठे वळवायचा ते तिथे नोंदवतात) सीनेम प्रकारच्या नोंदी म्हणून जशाच्या तशा भरायच्या असतात. एक सगळ्यांना सारखी असते, दुसरी फक्त तुमच्यासाठी. भरा, चहा घ्या, काही तासांनी परत सेव्ह करा. मग एचटीटीपीएस म्हणजे सुरक्षित जोडणी चालू करा आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवाय टाइप केलं तरी साइट उघडेल ते बटण चालू करा, त्यासाठी त्याच डीएनएस पानावर गुगलने दिलेल्या ए-रेकॉर्डच्या ओळीही भराव्या लागतात. जुना ब्लॉगस्पॉटचा पत्ता आपोआप नवीनकडे वळतो. मामांचं हे मी स्वतः केलं, पाऊण तास लागला, त्यातला अर्धा तास ओटीपी यायची वाट बघण्यात.

आणि फोटोंबद्दल एक, फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा, घरातून काढलेल्या फोटोत घराची जागा लपलेली असते.

चालू झाल्यावर

दर महिन्याच्या एक तारखेला बॅकअपची फाइल उतरवायची आणि स्वतःलाच ईमेल करून ठेवायची, मी पगाराच्या कामाबरोबरच ते करते म्हणून विसरत नाही.

दुसरं काम एकदाच करायचं पण पहिल्याच आठवड्यात. गुगलच्या नियमाप्रमाणे दोन वर्षं वापरलंच नाही असं खातं काढून टाकलं जाऊ शकतं, आणि लिहिणारा माणूस आजारी पडला किंवा गेला तर घरच्यांना पासवर्ड माहीत नसतो. ब्लॉगरमध्ये सेटिंगमध्ये दुसऱ्या माणसाला लेखक म्हणून बोलावता येतं आणि मग त्याला ॲडमिन करता येतं. मामांच्या ब्लॉगवर मामेबहीण ॲडमिन आहे. मामांना हे कसं सांगावं असा मला प्रश्न पडला होता, पण त्यांनी स्वतःच विषय काढला, म्हणाले ड्युटी संपली की तिकिटांचा ट्रे आणि वे-बिल म्हणजे फेरीच्या हिशोबाचा कागद जमा करूनच घरी जायचं असतं. मग एका कागदावर डोमेन कुठून घेतलंय, कुठल्या ईमेलवर आहे, रिन्यूअल कोणत्या महिन्यात, दुसरा ॲडमिन कोण, एवढं लिहिलं, पासवर्ड लिहिला नाही, आणि तो कागद त्यांनी एलआयसीच्या पॉलिसीच्या फाइलमध्ये लावून कपाटात ठेवला. डोमेनची पुढची तारीख नोव्हेंबरातली आहे, ती मी माझ्याही कॅलेंडरमध्ये टाकून ठेवलीये.